गळ्यातली गाठ आणि तीन डॉक्टरांची तीन मतं

अलीकडे थायरॉइडच्या गाठी बहुधा दुसरंच काही शोधताना सापडतात. चक्कर येते म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर केली, मान आखडली म्हणून एमआरआय काढला, खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी झाला, किंवा ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफी आपोआपच आली. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते : उजव्या लोबमध्ये १८ × १४ × ११ मिमीची गाठ, टीआय-रॅड्स ३. मूळ तक्रार तिथेच राहते आणि माणूस आरशासमोर उभा राहून गळा चाचपायला लागतो.

मग फेऱ्या सुरू होतात. फॅमिली डॉक्टर म्हणतात, “अहो, निम्म्या लोकांना असतात अशा गाठी, विसरून जा.” सर्जन म्हणतात, “काढून टाकू, डोक्याला ताप नको.” एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात, “आधी सुई लावून बघू, मग बोलू.” शेजारच्या काकूंना एक काढा माहीत असतो. तिघेही डॉक्टर शिकलेले, तिघांच्याही दवाखान्यात गर्दी.

अशा वेळी लोक एक तर ज्यानं सगळ्यात जास्त धीर दिला त्याच्याकडे जातात, नाही तर ज्यानं सगळ्यात जास्त घाबरवलं त्याच्याकडे. दोन्हींत मत निवडलं जातं, त्यामागचं कारण विचारलं जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या गाठींच्या बाबतीत मतं बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक, बोट ठेवता येईल अशा मुद्द्यावर फुटतात. तो मुद्दा शोधून काढणं रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना जमण्यासारखं आहे, आणि त्यासाठी सहसा वेळही हाताशी असतो.

घाई कधी, आणि कधी नाही

डॉक्टरांच्या बोटांना लागेल एवढी गाठ साधारण ४ ते ७ टक्के प्रौढांना असते. सोनोग्राफीचा प्रोब फिरवला की हेच प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. बायकांमध्ये जास्त, वयाबरोबर आणखी जास्त. म्हणजे फॅमिली डॉक्टरांचं ‘निम्म्या लोकांना असतात’ हे अगदीच हवेतलं वाक्य नाही. तपासणीपर्यंत आलेल्या गाठींपैकी ७ ते १५ टक्क्यांच्या आसपास कॅन्सरच्या निघतात, आणि त्यातलाही बहुसंख्य भाग पॅपिलरी प्रकाराचा, म्हणजे बहुधा सावकाश वाढणारा असतो. इटलीत ९९२ लोकांच्या साध्या दिसणाऱ्या गाठींवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं; २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण १५ टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, १८ टक्क्यांच्या चक्क लहान झाल्या, आणि मूळ गाठींपैकी कॅन्सरच्या निघाल्या त्या ०.३ टक्के.

तेव्हा योगायोगानं सापडलेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीसाठी ‘परवाच्या परवा ऑपरेशन’ असं कोणी म्हणालं, तर ‘परवाच का?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

याला अपवाद आहेत आणि ते नीट लक्षात ठेवावेत. आवाज बसला आणि दोन-तीन आठवडे झाले तरी सुटला नाही. गिळताना घास अडकतो किंवा आडवं पडल्यावर श्वास कोंडतो. गाठ दगडासारखी कडक आहे आणि हलत नाही. गळ्याच्या बाजूला वेगळ्या गाठी लागतात. काही आठवड्यांत आकार डोळ्यांना दिसेल इतका वाढला, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल तर. लहानपणी मान-डोक्याला रेडिएशन दिलेलं असणं, किंवा आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असणं, हेही पहिल्याच भेटीत सांगायचं. मेड्युलरी नावाचा एक प्रकार घराण्यात उतरू शकतो आणि त्यासाठी कॅल्सिटोनिन ही वेगळी रक्ततपासणी असते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये गाठ ‘चमकली’ असेल तर तीही थांबवून ठेवण्यासारखी नाही. अशा ठळक चमकणाऱ्या गाठींपैकी साधारण तिसरा हिस्सा कॅन्सरचा निघतो.

आणखी एक प्रसंग : रात्री ठीक होतं, सकाळी गळ्याला एका बाजूला सूज आणि दुखणं. माणसं हादरतात. बहुतेक वेळा पाण्याच्या गाठीत रक्तस्राव झालेला असतो. दाखवायचं त्याच दिवशी, पण कॅन्सर रातोरात फुगत नाही.

टीएसएच एक, गाठ वेगळी

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ म्हणजे गोळी चालू आहे. त्यामुळे टीएसएच नॉर्मल आलं की गाठीचंही काही नाही असं समजलं जातं, आणि गाठ सापडली की गोळी सुरू होणारच असं गृहीत धरलं जातं. दोन्ही चूक. ग्रंथी किती काम करते हे टीएसएच सांगतं. गाठ कशी आहे ते सांगत नाही. टीएसएच नॉर्मल असलेल्या माणसाची गाठ साधी असू शकते, कॅन्सरचीही असू शकते.

तरीही पहिली तपासणी टीएसएचच, कारण ते कमी आलं तर वाटच बदलते. गाठ स्वतःच जास्तीचं हार्मोन बनवत असेल तर टीएसएच खाली जातं. मग आयोडीन किंवा टेक्नेशियमचा न्यूक्लियर स्कॅन करतात, आणि त्यात गाठ ‘हॉट’ निघाली तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी; सुई लावायची गरज बहुधा राहत नाही. मुंबईत परळला टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे कित्येक दशकं थायरॉइडचं हेच काम चालतं. टीएसएच नॉर्मल किंवा जास्त असेल तर मात्र हा स्कॅन करून फारसं काही हाती लागत नाही. तुम्हाला तो सांगितला गेला असेल आणि टीएसएच नॉर्मल असेल, तर ‘कशासाठी?’ हे विचारा.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतींत त्यानं थायरॉइडचे आकडे खोटे येतात.

सोनोग्राफीचा कागद उघडून बघा

मतांचा खरा तिढा इथे असतो, म्हणून जरा थांबू.

टीआय-रॅड्स ही गुण द्यायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं २०१७ साली आणलेली पद्धत आपल्याकडच्या रिपोर्टांत सर्रास दिसते. रेडिओलॉजिस्ट पाच गोष्टी बघतात. गाठ भरीव आहे की पाण्याची की मिश्र. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा पडद्यावर ती काळपट दिसते की सारखी. आडवी आहे की उभी. कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या. आत पांढरे ठिपके आहेत का, आणि असले तर कसे. भरीव असेल तर २ गुण. ग्रंथीइतक्याच रंगाची, म्हणजे आयसोइकोइक, असेल तर १; काळपट, म्हणजे हायपोइकोइक, असेल तर २. उभ्या गाठीला ३, आणि बारीक टोचल्यासारख्या ठिपक्यांनाही ३. बेरीज ३ झाली की टीआर ३, ४ ते ६ म्हणजे टीआर ४, ७ किंवा जास्त म्हणजे टीआर ५.

आता सुरुवातीची ती १८ मिमीची गाठ घ्या. भरीव, ग्रंथीच्याच रंगाची, आडवी, कडा नीट, ठिपके नाहीत. बेरीज ३. या अमेरिकी पद्धतीप्रमाणे टीआर ३ गाठीला सुई लावायची ती २५ मिमीपासून पुढे. १५ मिमीच्या पुढे नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणजे सुई नको. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडली तर तीच गाठ ‘कमी संशयाची’ ठरते आणि तिथे सुईची मर्यादा १५ मिमी आहे. म्हणजे सुई हवी. युरोपची २०१७ ची पद्धत म्हणते, २० मिमीच्या वर गेल्याशिवाय नको. गाठ तीच, रुग्ण तोच, तिन्ही ग्रंथ प्रतिष्ठित. फॅमिली डॉक्टर आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट यांच्यात जे भांडण दिसत होतं ते बऱ्याचदा एवढंच असतं : दोघांनी वेगळी रेघ धरली आहे.

त्यात आणखी एक भर. दुसऱ्या सेंटरच्या डॉक्टरांना तीच गाठ किंचित काळपट वाटली, तर एक गुण वाढतो, टीआर ३ ची टीआर ४ होते, आणि टीआर ४ ला सुईची मर्यादा १५ मिमी आहे. एका छटेच्या फरकानं ‘काही करू नका’चं ‘सुई लावा’ झालं. हा हलगर्जीपणा नव्हे. सोनोग्राफी हातावर आणि डोळ्यावर अवलंबून असते. दोन अनुभवी माणसांत एवढा फरक पडतो. हाशिमोटोची सूज असलेल्या ग्रंथीत तर नसलेल्या गाठीही दिसतात, कारण सुजेचे पट्टे गाठीसारखे भासतात.

म्हणून पहिलं काम हे : तुमच्या रिपोर्टमध्ये या पाचही गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा. ‘थायरॉइड नोड्यूल नोटेड, ॲडव्हाइस एफएनएसी’ एवढ्या एका ओळीवर कोणाचंही मत घेऊ नका. गळ्याची सोनोग्राफी नियमित करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे नीट करून घ्या. गळ्याच्या बाजूच्या लिम्फ नोड्सही बघून लिहायला सांगा. या एका खर्चानं पुढचे दोन खर्च वाचण्याची शक्यता बरीच असते.

आणि मग मतभेद असलेल्या डॉक्टरांना ‘ते डॉक्टर असं म्हणाले’ म्हणून सांगू नका. त्यानं माणूस बचावात्मक होतो. असं विचारा : “डॉक्टर, ही टीआर ३ आणि १८ मिमी आहे. तुम्ही सुई सांगताय ती आकारावरून, का दिसण्यात काही खटकलं म्हणून?” आणि दुसरा प्रश्न : “सहा महिने थांबलो तर नेमका काय धोका?” या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा डॉक्टर ऑपरेशन सांगो की थांबायला सांगो, तो ऐकण्यासारखा आहे. उत्तराऐवजी ‘रिस्क तुमची’ एवढंच आलं तर समजून जा. काही ठिकाणी ऑपरेशन सांगण्यामागे हिशेब असतो हे आपण सगळे जाणतो. काही ठिकाणी ‘काही नाही हो’ म्हणण्यामागे समोरची चाळीस माणसांची रांग असते, हेही तितकंच खरं.

सुई

एफएनएसीचं नाव निघालं की घरात एक वाक्य हमखास येतं : ‘सुई लावली की पसरतं.’ रक्तचाचणीच्या सुईपेक्षाही बहुधा बारीक सुईनं गाठीतल्या काही पेशी ओढून घेतात. त्या वाटेनं थायरॉइडचा कॅन्सर पसरणं इतकं दुर्मीळ आहे की त्या भीतीनं तपासणी टाळू नये. मानेखाली उशी देऊन डोकं मागे टाकतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घालतात, गिळू नका, बोलू नका म्हणतात, दोन-तीनदा टोचतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर एखादा दिवस गळा ठणकतो, थोडं निळं पडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची, स्वतःहून बंद करायची नाही. पडद्यावर बघूनच सुई लावणार का, हे मात्र वेळ घेतानाच विचारा. लहान गाठीत नुसत्या हाताच्या अंदाजानं लावलेली सुई शेजारच्या चांगल्या भागात जाऊ शकते.

रिपोर्टवर ‘बेथेस्डा’ आणि एक ते सहापैकी एक आकडा येतो. २ म्हणजे साधी. चुकीची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. ६ म्हणजे कॅन्सर, जवळपास निश्चित. ५ म्हणजे दाट संशय, साधारण चारात तीन. १ चा अर्थ लोक उलटा लावतात : तो ‘नॉर्मल’ नव्हे, नमुनाच पुरेसा आला नाही, पुन्हा करा.

माणसाची झोप उडवतात ते ३ आणि ४. यातल्या ३ मध्ये पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण काही ठरवता येत नाही. २०२३ च्या आवृत्तीत त्या गटात कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता २२ टक्के दिली आहे, ४ मध्ये ३० टक्के. म्हणजे बेथेस्डा ३ च्या शंभरातल्या पंच्याहत्तरहून जास्त गाठी साध्याच असतात. इथे एक डॉक्टर म्हणतो पुन्हा सुई, दुसरा म्हणतो अर्धी ग्रंथी काढून तपासू, तिसरा जनुकीय चाचणी सुचवतो. तिन्ही मार्ग पुस्तकात आहेत, त्यामुळे कोण बरोबर हा प्रश्नच चुकतो. सोनोग्राफीत गाठ साधी दिसत असेल तर पुन्हा सुई लावून बघायला हरकत नसते. दुसऱ्या खेपेला बऱ्याच जणांचा निकाल स्पष्ट गटात जातो. सोनोग्राफीच टीआर ५ म्हणत असेल तर ३ या आकड्यावर विसंबून वर्षभर बसू नये. जनुकीय चाचणी महाग आहे. तिच्या निकालानं तुमचा निर्णय बदलणार असेल तरच पैसे घाला.

आणि एक गोष्ट, जी बहुतेकांना कोणी सांगत नाही : काचेच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. लॅबमध्ये जाऊन ‘रिव्ह्यूसाठी स्लाइड हव्यात’ म्हणायचं, सही करून त्या मिळतात. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर संस्थांत बाहेरच्या स्लाइड पुन्हा बघून मत दिलं जातं. ऑपरेशनचा निर्णय ज्या एका रिपोर्टवर उभा आहे तो दुसऱ्या डोळ्यांखालून घालणं, तेही ३, ४ किंवा ५ आकडा असेल तर, हे माझ्या मते तिसऱ्या सर्जनची फी भरण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. पॅथॉलॉजीतही रेघा सरकतात. पॅपिलरी कॅन्सरचा एक आवरणात बंद राहणारा उपप्रकार २०१६ साली तज्ज्ञांनीच कॅन्सरच्या यादीतून काढला आणि त्याला नवं नाव दिलं, कारण तो कॅन्सरसारखा वागतच नव्हता.

कॅन्सर निघाला तरी मतं वेगळी?

हो, आणि याला इतिहास आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सरच्या सरकारी तपासणीच्या जोडीनं थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. ऑपरेशनं झाली, लोक आयुष्यभराच्या गोळीवर गेले. या कॅन्सरनं होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर विरोध केला तेव्हा ऑपरेशनं झपाट्यानं कमी झाली. काही त्रास नसलेल्यांची गळ्याची सोनोग्राफी सरसकट करू नये, असं अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटानं २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपल्याकडची चेकअप पॅकेजं मात्र अजून ती करतात आणि वर ‘मोफत’ म्हणून छापतात.

जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांच्या पुढाकारानं १९९३ पासून दुसरा प्रयोग झाला. एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॅपिलरी कॅन्सर असलेल्या रुग्णांना ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याचा पर्याय दिला गेला. १,२३५ रुग्णांच्या नोंदींत दहा वर्षांत गाठ ३ मिमी किंवा जास्त वाढली ती ८ टक्क्यांची, लिम्फ नोडमध्ये गेली ती ३.८ टक्क्यांची, आणि थायरॉइड कॅन्सरनं कोणी दगावलं नाही. ज्यांना पुढे ऑपरेशन लागलं त्यांचंही उशीर झाल्यामुळे बिघडलं नाही.

म्हणून सहा-सात मिमीच्या गाठीबद्दल एखादा डॉक्टर ‘सुईसुद्धा नको’ म्हणाला तर तो निष्काळजी आहे असं धरून चालू नका. पण हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेच्या वाटेवर चिकटून असेल, लिम्फ नोड संशयास्पद असतील, किंवा दर सहा महिने-वर्षाला सोनोग्राफीला येणं तुमच्याच्यानं होणार नसेल, तर नाही. आणि मनाचा प्रश्नही आहे. काही माणसांना ‘आत आहे’ या विचारानं जेवण जात नाही. त्यांनी ऑपरेशन निवडलं तर तेही शहाणपणाचंच.

ऑपरेशन ठरलं तर

पहिला प्रश्न : अर्धी की पूर्ण? एका बाजूच्या गाठीला, निदान पक्कं नसताना, सरळ पूर्ण ग्रंथी काढायला सांगितली असेल तर कारण विचारा. दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी असणं हे कारण होऊ शकतं. पूर्ण काढली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, रोज, अनशापोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. अर्धी काढली तर साधारण पाचातल्या चौघांना गोळी लागत नाही. शिवाय थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. हा धोका पूर्ण ऑपरेशनात असतो, अर्ध्यात जवळजवळ नाही. आवाजाच्या नसेला कायमची इजा अनुभवी हातांत एक-दोन टक्क्यांच्या आत राहते.

‘अनुभवी’ म्हणजे किती? वर्षाला पंचवीसपेक्षा जास्त थायरॉइड ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी होते असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं आहे. “डॉक्टर, तुम्ही वर्षाला थायरॉइडची किती करता?” हा प्रश्न विचारताना आपल्याला संकोच वाटतो, पण चांगला सर्जन त्यावर रागावत नाही. गाणारे, शिकवणारे, कीर्तनकार, वकील असाल तर तसं सांगाच, आणि ऑपरेशनआधी स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्या.

साधी पण मोठी, दिसणारी किंवा दाबणारी गाठ असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, म्हणजे सुईनं आतून तापवून गाठ आक्रसवणं, हा मार्ग आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मिळतो. गाठ साधी आहे हे आधी पक्कं झालेलं हवं. शक्यतो दोनदा सुई लावून.

तिसरं मत घ्यायचं तर

दोन मतं ‘काय करायचं’ यावरच वेगळी असतील तरच तिसरं घ्या. कारणमीमांसेत थोडा फरक असेल तर नको. तिसरा माणूस शक्यतो ज्याला स्वतःला काही कापायचं किंवा टोचायचं नाही असा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. कॅन्सरचा संशय पक्का असेल तर जिथे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, न्यूक्लियर मेडिसिनवाले एकत्र बसून केस बघतात असं रुग्णालय गाठा. कागद मागायला लाजू नका : रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे.

एक कागद स्वतः तयार करा. तारीख, सेंटर, गाठ कुठल्या बाजूला, तिन्ही मापं, टीआर आकडा, टीएसएच, बेथेस्डा. प्रत्येक तपासणीची एक ओळ. चार इंच जाडीची फाइल कोणी उलगडत नाही, हा कागद मात्र प्रत्येक डॉक्टर वाचतो. सोबत एकाच माणसाला न्या. तीन नातेवाईक नेले की तीन वेगळ्या आठवणी घरी येतात. व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटावर निदान पक्कं होईपर्यंत काही टाकू नका.

गाठ जिरवण्यासाठी पूर्वी थायरॉक्सिन द्यायचे. साध्या गाठीसाठी ते आता सुचवत नाहीत, कारण धडधड आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका फायद्यापेक्षा जास्त. कोबी, फ्लॉवर सोडून काही होत नाही, खुशाल खा. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा, पण आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. गाठी असलेल्या ग्रंथीला त्यानं भलताच जोर चढू शकतो. काढे-गुग्गुळ घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. गळ्यात काही तरी अडकल्याची भावना गाठ कळल्यावरच सुरू झाली असेल, तर दीड सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा ॲसिडिटी आणि काळजी यांच्यावर जास्त संशय घ्या.

दिवस राहिले असतील तर सोनोग्राफी आणि सुई दोन्ही चालतात, न्यूक्लियर स्कॅन नाही. ऑपरेशन बहुतेकांचं बाळंतपणानंतर केलं तरी चालतं.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय

‘सहा महिन्यांनी या’ हे ठरलेलं वाक्य आहे, पण दर सहा महिन्यांची गरज थोड्यांनाच असते. अमेरिकी पद्धतीत टीआर ३ ची सोनोग्राफी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. टीआर ४ ची पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. टीआर ५ ची पाच वर्षं दरवर्षी. शक्यतो त्याच सेंटरला, आणि जुन्या फिल्म सोबत घेऊन, म्हणजे रेडिओलॉजिस्ट आधीच्या चित्राशी ताडून बघतील. १८ ची गाठ २० मिमी झाली की लोक रडकुंडीला येतात. एवढा फरक प्रोब कसा धरला यानंही पडतो. वाढ मानायची ती किमान दोन मापं वीस टक्क्यांनी, आणि प्रत्येकी निदान २ मिमीनं वाढली तर. १८ × १४ ची २२ × १७ झाली, तर ती खरी वाढ. त्यानंही लगेच कॅन्सर ठरत नाही. पुन्हा सुई लावायची की नाही याचा विचार करायचा, इतकंच.

पाच वर्षांत गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी थांबवता येते. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली दोनदा सुई लावून दोन्ही वेळा बेथेस्डा २ आलं असेल, तर कॅन्सरच्या शंकेपोटी लक्ष ठेवायची गरज त्याच्याही आधी संपते. डॉक्टर ‘चालू ठेवू’ म्हणाले तर कुठल्या कारणानं ते विचारा, आणि कारण गाठीच्या आकाराचं किंवा दाबण्याचं असेल तर पुढची तारीख त्या हिशेबानं, लांबची, ठरवून घ्या.